मोकळे रान कोणाचे?

खानदेशात 'रान' या शब्दाचे दोन अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात. सकाळी बैलजोडी घेऊन निघालेला शेतकरी 'रानात चाललो' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात त्याच्या नावावरची, बांध घातलेली, कपाशीची जमीन असते. तोच माणूस 'रानात बिबट्या दिसला' असे सांगतो, तेव्हा डोंगराकडचे, त्याच्या नावावर नसलेले, झाडाझुडपांचे जग त्याला अभिप्रेत असते. अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्यात राहून शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्या शीर्षकातले रान शेत की जंगल, असा प्रश्न इकडच्या वाचकाला पडण्याचे कारणच नव्हते. पण या शब्दाचा तिसराही एक उपयोग आपण सर्रास करतो. एखाद्याला 'रान मोकळे सापडले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला अडवणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा अर्थ आहे. जे कोणा एकाचे नाही, ते मोकळे असते काय?

हा प्रश्न मला ग्रंथांनी सुचवलेला नाही. जामनेरच्या एका परिचित तरुणाने तो माझ्यापुढे ठेवला. नोकरीनिमित्त काही काळ अमेरिकेत राहून तो परतला आहे. तिकडे त्याने एटीव्ही नावाची गाडी चालवली. फुगीर रुंद टायरांची चार चाके, मोटारसायकलीसारख्या मुठी, टांग टाकून बसायचे आसन, आणि चिखल, वाळू, दगड, ओढा अशा कशातूनही जाण्याची ताकद, असे तिचे स्वरूप. १९७० साली होंडा कंपनीने तिचा तीनचाकी अवतार अमेरिकेत विकायला काढला. अपघात फार होऊ लागल्याने १९८८ साली न्यायालयातील तडजोडीनुसार तीनचाकींची विक्री थांबली आणि चारचाकी तेवढी उरली. आपल्याकडे अशा बहुतेक गाड्यांची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होत नाही. त्या टेम्पोत घालून हव्या त्या ठिकाणी न्याव्या लागतात. या तरुणाने मित्रांसह एक बेत आखला होता. भाड्याने तीन गाड्या आणायच्या, जामनेरहून पहूर-वाकोदच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगेत शिरायचे, दोन दिवस जंगलातल्या वाटा तुडवायच्या, एक रात्र डोंगरात मुक्काम करायचा. जमल्यास पुढल्या वर्षी तापी ओलांडून सातपुड्यात.

बेताचा कागद त्याने मला दाखवला. कागद खरोखर नीट केलेला होता. माणशी पाणी किती, पेट्रोलचे डबे किती, पंक्चरचे सामान कोणाकडे, मोबाइलची रेंज कुठवर मिळते, साप चावल्यास जवळचे रुग्णालय कोणते, अंधार केव्हा पडतो, हे सारे त्यात होते. घरच्यांना काय सांगायचे, हेही होते. पाच जणांच्या जिवाची इतकी काळजी घेणाऱ्या मुलाला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे ठरेल. मी विचारले, "परवानगीचे काय?" तो म्हणाला, "सर, सरकारी जंगल म्हणजे पब्लिकचंच ना? आपण टॅक्स भरतो. रस्त्यानं जायला कोणाला विचारतो का आपण?"

त्याच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर थोडक्यात देता येते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वये राखीव वनात विनापरवाना शिरणे हा अपराध आहे. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची २७ वी आणि २८ वी कलमे लागू होतात, आणि अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच परवाना मिळू शकतो. सातपुड्यातील यावल अभयारण्य १९६९ सालचे, चाळीसगाव-कन्नडकडचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चे. मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या जंगलात वाघ आहेत, म्हणून २०१४ साली तेथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. तेव्हा जामनेरच्या चहूबाजूंनी नियम आहेत. पण नीतीचा प्रश्न कायद्याच्या उत्तराने मिटत नाही. समजा, एखाद्या अधिकाऱ्याने परवाना दिला असता. मग बेत निर्दोष झाला असता काय? नसता, असे मला वाटते. आणि का नसता, ते नीट सांगता यावे म्हणून हा खटाटोप.

प्रथम त्या तरुणाच्या बाजूचे बोलू. आनंद हा काही गुन्हा नव्हे. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला उघड्या डोंगरात वेग अनुभवावासा वाटतो, यात काही गैर नाही. आमच्या पिढीतील उपदेशकांची एक खोड आहे. तरुणांच्या प्रत्येक हौसेत त्यांना भोगवाद दिसतो आणि स्वतःच्या यात्रा-सहली मात्र निसर्गप्रेम ठरतात. जंगलात जाऊन मोठ्याने गाणी लावणारा, पिशव्या-बाटल्या टाकून येणारा सहकुटुंब प्रवासी या मुलाहून पुण्यवान आहे, असे मी म्हणणार नाही. धोका पत्करणे, यंत्रावर हुकमत मिळवणे, चिखलात रुतलेली गाडी मित्रांनी मिळून बाहेर काढणे, यांत माणूस घडवणारे काही असतेच. म्हणून मौज वाईट आहे, असा माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो 'पब्लिकचंच' या एका शब्दावर.

'सरकारी' म्हणजे काय, याविषयी आपल्या मनात फार गोंधळ आहे. सरकारी म्हणजे कोणाचेच नाही, म्हणून कोणीही वापरावे. किंवा सरकारी म्हणजे सरकारचे, म्हणून आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही. या दोन टोकांमध्ये आपण झुलत असतो. या गोंधळाला इतिहास आहे, आणि तो आपल्या दारचाच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्कराच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात फिरत असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. भोवतालच्या लोकांना ती ठाऊक असणारच. इंग्रजांना ती त्या दिवशी दिसली. स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि तेथील भित्तिचित्रावरच त्याने आपले नाव व तारीख कोरली. आजही ते कोरलेले आहे. लेण्यात त्या काळी मातीदगडांचा थर साचलेला होता, त्यावर उभे राहून त्याने ते लिहिले. म्हणून आज ते आपल्या डोक्याच्या बरेच वर दिसते. दुष्टपणाने त्याने तसे केले असेल, असे मला वाटत नाही. त्याला रान मोकळे सापडले होते, एवढेच. पुढे १८२५ साली जेम्स औट्रम खानदेशात आला, त्याने भिल्लांची पलटण उभी केली. तोही मोठा शिकारी. चाळीसगावकडचा घाट आणि अभयारण्य आजवर त्याचे नाव वागवीत आहेत. १८७८ च्या आणि १९२७ च्या वन कायद्यांनी मग हे रान रीतसर सरकारचे झाले. ज्यांच्या पिढ्या तेथे मोहफुले, डिंक, मध गोळा करीत आल्या, ते भिल्ल, तडवी, पावरा आपल्याच डोंगरात अतिक्रमक ठरले, आणि साहेबाची शिकार मात्र 'स्पोर्ट' ठरली. खेळासाठी येणाऱ्याला वाट मोकळी आणि पोटासाठी येणाऱ्याला बंद, अशी ती व्यवस्था होती.

स्वातंत्र्यानंतर हा अर्थ हळूहळू बदलला. १३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात निकाल दिला. बियास नदीकाठची वनजमीन एका मोटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली होती आणि मोटेल वाचवण्यासाठी चक्क नदीचा प्रवाह वळवण्याचा उद्योग झाला होता. न्यायालयाने सांगितले की, नद्या, वने, किनारे यांचे सरकार मालक नाही. ते जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, वनहक्क कायदा झाला आणि वनात राहणाऱ्यांवर झालेला अन्याय ऐतिहासिक होता, हे संसदेने त्या कायद्यातच नमूद केले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे 'पब्लिकचंच' हे त्या तरुणाचे म्हणणे चुकीचे नाही. ते अपुरे आहे. विश्वस्त निधीचा लाभार्थी असणे म्हणजे तिजोरीची किल्ली खिशात असणे नव्हे. आपण पाच जण लाभार्थी आहोत, हे त्याने अचूक ओळखले होते. बाकीचे लाभार्थी त्याच्या कागदावर नव्हते.

अमेरिकेचा दाखला तो वारंवार देत होता, म्हणून त्याविषयी दोन शब्द. तेथे वनभूमीवर अशा गाड्या चालतात, हे खरे. पण १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एक आदेश काढला. सार्वजनिक भूमीवर रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनांसाठी क्षेत्रे व वाटा ठरवून द्याव्यात आणि त्या ठरवताना माती, पाणी, वन्य प्राणी व इतर वापरकर्ते यांना होणारा उपद्रव कमीत कमी राहील असे पाहावे, असे त्याने बजावले. २००५ च्या नियमानुसार तेथील वनसेवा प्रत्येक वनाचा नकाशा छापते. नकाशात दाखवलेल्या वाटेबाहेर चाक घालता येत नाही. तिकडे या मुलाने जे स्वातंत्र्य अनुभवले, ते कोणीतरी आधी आखून दिलेले होते. त्याच्या हातात गाडीची मूठ होती, तशीच खिशात तो नकाशाही असणार. परत येताना त्याने गाडीची आठवण आणली, नकाशाची आणली नाही.

शिवाय आकडेही बोलके आहेत. अमेरिकी वनसेवेच्या ताब्यात सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे पावणेआठ लाख चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक भूमी आहे. भारतात दप्तरी नोंदलेले वनक्षेत्रही जवळजवळ तेवढेच आहे. भूमी सारखी, आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसे आपल्याकडे चौपट. त्यांतही आपल्याकडचा मोठा वर्ग करमणुकीसाठी नव्हे, तर चुलीसाठी व गुरांसाठी वनाकडे पाहणारा. तिकडे निर्मनुष्य अरण्याची कल्पना करता येते (तीही मूळच्या रहिवाशांना हुसकावून केलेली, हे विसरू नये). अजिंठ्याच्या रांगेत निर्मनुष्य असे काही नाही. ज्या पायवाटेला आपण 'ट्रेल' म्हणू, ती कोणत्यातरी तांड्याच्या शेळ्यांची, कोणाच्या तरी सरपणाची, कोणाच्या तरी देवाची वाट असते.

सामायिक वस्तूचा उपभोग कसा घ्यावा, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी फार पूर्वी हाताळला आहे. चौथ्या शतकातील कॅसरियाचे बिशप संत बेसिल यांनी त्यासाठी नाट्यगृहाचा दृष्टान्त दिला. नाट्यगृह सर्वांसाठी असते. एखादा आधी येऊन बसतो आणि नंतर येणाऱ्यांना मज्जाव करतो. सर्वांसाठी असलेले त्याने एकट्याचे केले. बेसिल हे श्रीमंतांना उद्देशून बोलत होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच दृष्टान्त घेऊन त्यात एक सूक्ष्म भेद केला. आधी येऊन बसण्यात दोष नाही. सरसकट इतरांना वगळण्यात दोष आहे. हा भेद मला फार उपयोगी वाटतो. कारण तो आपल्याला उपभोग नाकारायला सांगत नाही. तो एवढेच विचारतो की, तुम्ही बसलात तेव्हा किती आसने व्यापलीत?

आता पाहा. जंगलात पायी गेलेला माणूस एक आसन व्यापतो. तो जातो, वाट पुन्हा मिटते. त्याच्यापासून शंभर पावलांवर असलेल्या माणसाला तो आला होता हे कळतही नाही. इंजिन घेऊन आलेला माणूस मात्र आवाज जेथवर पोचतो तेथवर बसलेला असतो. दरीच्या एका काठावर गाडी असली, तर दुसरा काठही त्याने व्यापलेला असतो. तो कोणाला 'येऊ नका' म्हणत नाही, हे खरे. पण शांतता ही अशी वस्तू आहे की एकाने मोडली तर उरलेल्यांसाठी तिचा तुकडासुद्धा शिल्लक राहत नाही. मज्जाव न करताही सगळे नाट्यगृह व्यापता येते, हे बेसिल यांच्या काळी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या काळी आसन माणसाच्या आकाराचे होते.

आणि शांतता ही केवळ शहरी माणसाच्या ध्यानधारणेची चैन आहे, असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात टेंभुर्णीची पाने खुडायला पहाटे सातपुड्यात शिरणाऱ्या बाईचा विचार करा. झुडपात वाकलेली असताना तिला फार दूरचे दिसत नाही. अस्वल, रानडुक्कर यांची चाहूल तिला कानाने लागते. पाचोळा वाजला की ती थांबते. तिच्या कानांवर तिचा जीव अवलंबून असतो. जवळपास तीन इंजिने धडधडत असली तर पहिली इजा होते ती या कानांना. गाडीवाल्याला ती दिसणारही नाही. तिला गाडी दिसली तर ती बाजूला होऊन उभी राहील, कदाचित हसेलसुद्धा. तक्रार ती करणार नाही. तिने तक्रार केली नाही, म्हणून तिची हरकत नव्हती, असा अर्थ काढणे हा आपल्या सोयीचा तर्कशास्त्रातील फार जुना प्रकार आहे.

पक्ष्यांचेही तसेच. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड पश्चिम खानदेशात इंग्रजी अमदानीत मिळाले होते. १८८४ नंतर त्याची विश्वसनीय नोंद नव्हती. ते नामशेष झाले, असे बहुतेकांनी धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतून आलेल्या पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट या तिघांना तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ ते झाडावर बसलेले दिसले. ११३ वर्षे हे पाखरू आपल्या खानदेशात होते आणि विशेष म्हणजे ते दिवसाही वावरणारे घुबड आहे. ते दिसायला यंत्र लागले नाही. झाडाखाली चालत जाऊन मान वर करून पाहणारा माणूस लागला. पंचवीस-तीस किलोमीटर वेगाने त्याच झाडाखालून गेलेल्याला ते पुढची शंभर वर्षेही नामशेषच राहिले असते.

मातीचे गणित आणखी साधे आहे. अजिंठ्याच्या उतारांवर मुरुमावर मातीचा पातळ थर आहे. गवताच्या मुळांनी तो धरून ठेवलेला असतो. रुंद टायर ते मूळ सोलून काढते. एकदा दोन चाकोऱ्या पडल्या की मृगाचे पाणी त्याच धरते. पुढल्या वर्षी चाकोरीची घळ होते. ती माती ओढ्यातून कांगेत, वाघूरमध्ये उतरते, आणि वाघूर धरणाच्या तळाशी जाऊन बसते. जळगाव शहर ज्या धरणाचे पाणी पिते, त्याच्या पोटात त्या दोन दिवसांच्या मौजेची एक चिमूट असणार. वाळल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकला की काय होते, हे उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या वनमजुराला विचारावे. स्मिथचे नाव भिंतीवर आहे, म्हणून आपल्याला ते वाचता येते. उतारावरची चाकोरी निनावी असते, एवढाच काय तो फरक.

यावर जे आक्षेप घेतले जातील ते मला दिसतात, आणि त्यांतले दोन वजनदार आहेत. एक असा की, खाणी, धरणे, रुंद होणारे महामार्ग यांच्यासाठी जंगले सरसकट जात असताना पाच पोरांच्या तीन गाड्यांवर नीतिशास्त्र पाजळणे हा ढोंगीपणा आहे. मोठ्या चोराला सलाम आणि भुरट्याला फटके. यात तथ्य आहे. किंबहुना वनखात्याच्याच गाड्यांतून पाहुण्यांना 'जंगल दाखवण्याची' आपली रीत पाहिली की हा आक्षेप मनाला फार लागतो. पण मोठा अन्याय चालू आहे म्हणून लहान अन्यायाला परवाना मिळतो, हे मला पटत नाही. आणि खाणीचा निर्णय त्या तरुणाच्या हातात नव्हता, हा होता. नीतीचा प्रश्न नेहमी आपल्या हातात असलेल्या गोष्टीपुरताच विचारता येतो.

परवान्याने प्रश्न सुटत नाही, हे मी वर म्हटले. त्याचा पुरावा दूर शोधायला नको. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडले. तिची चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. तेथे विनापरवाना घुसलेले कोणी नव्हते. प्रत्येक गाडीचे शुल्क भरलेले होते, वाट नेमून दिलेली होती, सोबत वाटाड्या होता. आणि तरीही आई आणि पिले यांच्या वाटेत माणसे उभी राहिली, कारण पैसे दिले म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे, असे गाडीत बसलेल्याला वाटत असते आणि चालकाला ते कळत असते.

याच्या उलट उदाहरण खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. १९९० नंतरच्या काळात त्या गावाने आपले उजाड झालेले सुमारे अकराशे एकर जंगल राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी केली, स्वतःच नियम केले, मोडणाऱ्याला दंड ठरवला, आळीपाळीने राखण केली. जंगल परत आले. विहिरींना पाणी आले. आता तेथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते आणि लांबून लोक ती पाहायला जातात. मला या गोष्टीतले जंगल परत आले हे महत्त्वाचे वाटतेच, पण त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या लोकांनी सोडले काय. त्यांनी मौज सोडली नाही. सरपण सोडले, लाकूड सोडले. ज्या वस्तूवाचून चूल पेटत नाही, तिच्यावर त्यांनी स्वतः बंधन घातले, आणि ते कोणा साहेबाच्या हुकमाने नव्हे, तर एकमेकांसमोर बसून. त्यांच्या रानाला 'सार्वजनिक' म्हणताना मला संकोच वाटत नाही. ज्यांनी गरज आवरली, त्यांच्या शेजारी बसून आपली हौस आवरता येत नाही, असे म्हणणे कठीण आहे.

म्हणून माझ्या मते त्या बेतात जी उणीव होती, ती धाडसाची किंवा सुरक्षिततेची नव्हती. बेत आखणे हे स्वभावतःच नैतिक कृत्य आहे. जे अजून घडलेले नाही, ते आपण कागदावर आधी घडवून पाहतो, आणि त्यात कोणाकोणाला धरायचे हे तेव्हाच ठरते. डोंगरात पोचल्यावर समोर शेळ्या आल्या तर कोणीही भला माणूस गाडी थांबवील. पण ती वाट शेळ्यांची आहे हे घरी कागद पुढे घेऊन बसलेले असताना आठवणे, हे अवघड. कारण तेव्हा समोर कोणी नसते. त्या गावच्या पाटलाला, ग्रामसभेला, वनरक्षकाला आधी भेटावे, पाने खुडण्याचा आणि पिले वाढण्याचा हंगाम टाळावा, गाडी डोंगराखालीच ठेवून वर चालत जावे. आणि वेगाचीच ओढ असेल तर ती कपाशी निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या एखाद्या नातलगाच्या शेतात, त्याला विचारून, पुरवून घ्यावी. मी हे सुचवले तेव्हा तो हसला. शेतात काय मजा, असे त्याचे म्हणणे. मजा कमी होईल, हे मी कबूल केले. स्वतःच्या रानात मजा कमी आणि दुसऱ्याच्या रानात जास्त का वाटते, याचा विचार मात्र आम्ही दोघांनीही अजून पुरता केलेला नाही.

दुसरा वजनदार आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. चालता न येणाऱ्यांचे काय? म्हातारे, अपंग, गुडघे गेलेले, दमा असलेले, यांनी डोंगर पाहूच नये काय? 'पायी जा' हा उपदेश ज्याचे पाय धड आहेत त्याने करणे फारसे शोभत नाही. अशा माणसासाठी यंत्र ही चैन नसून काठी असते, आणि काठीला आवाज आहे म्हणून ती हिसकावून घेणे हेही सामायिक नाट्यगृहातून एकाला बाहेर काढणेच होय. तेव्हा यंत्र सरसकट वर्ज्य, असे मी म्हणू शकत नाही. पण काठी आणि खेळणे यांतला फरक व्यवहारात कसा करायचा? एक तोडगा जामनेरकरांना रोजच्या पाहण्यातला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत खाजगी गाडी नेता येत नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर ती ठेवावी लागते आणि पुढची सुमारे चार किलोमीटरची वाट सरकारी बसने जावे लागते. लेण्यांच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत, त्यांच्यासाठी डोलीवाले उभे असतात. प्रथम लोकांनी कुरकुर केली असेल. माझ्या ओळखीतले काही अजून करतात, विशेषतः मोठ्या गाडीतून येणारे. बससाठी रांग लावावी लागते, उन्हात थांबावे लागते. मग ती येते, आणि तिच्यात जळगावचा व्यापारी, पाचोऱ्याची शाळेची पोरे, जपानहून आलेले भिक्षू आणि काठी टेकीत चढणारी एखादी आजी असे सगळे एकाच तिकिटावर बसतात, आणि वाघूरच्या काठाकाठाने एकच इंजिन सगळ्यांना घेऊन वर जाते.